कोणी वापरत नाही, तरी उघडंच: स्विच-राऊटरवरच्या पडीक खात्यांना मुदत कशी लावायची

ऑडिटच्या यादीत एक प्रश्न हमखास असतो: 'ठरावीक दिवस न वापरलेली यूजर खाती आपोआप बंद होतात का?' फोर्टमधल्या ब्रोकरच्या ऑफिसपासून मरोळच्या कारखान्यापर्यंत अनेक ठिकाणी या प्रश्नासमोर 'हो' लिहिलं जातं आणि पुरावा म्हणून दहा मिनिटांच्या टाइमआउटचा स्क्रीनशॉट जोडला जातो. तो पुरावा या प्रश्नाचा नाही. उघडलेल्या सेशनमध्ये दहा मिनिटं काही टाइप झालं नाही तर सेशन तुटतं, एवढंच तो सांगतो. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याने बंद होत नाही. तो माणूस आज रात्री जुना पासवर्ड टाकून आत येऊ शकतो.

हा घोळ निष्काळजीपणापेक्षा अधिक करून शब्दांच्या गर्दीतून होतो, म्हणून आधी ती गर्दी सोडवू या.

लोकल खातं म्हणजे स्विच, राऊटर किंवा फायरवॉलच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड. ऑफिसच्या मुख्य यूजर यादीशी त्याचा काही संबंध नसतो. एचआरने राजीनामा मंजूर केला, ईमेल बंद झाला, गेटचं कार्ड परत घेतलं, तरी शाखेतल्या रॅकमध्ये बसलेल्या स्विचला यातलं काहीच कळत नाही. समजा, एका पतपेढीचं मुख्य ऑफिस दादरला आहे आणि शाखा कल्याण, वसई, पनवेलला. सगळी मिळून चाळीस उपकरणं, प्रत्येकावर सहा नावं. म्हणजे २४० खाती, तीही चाळीस वेगवेगळ्या जागी लिहिलेली. त्यात दोन नावं एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करारावरच्या, मुलांची, जी केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेली. एक नाव नेटवर्क बसवून देणाऱ्या इंजिनिअरचं. एक नुसतंच 'टेस्ट'. कोणी मुद्दाम वाईट केलेलं नाही. काढायचं कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हतं.

अशी खाती किती महागात पडतात हे मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने पाहिलं. हल्लेखोर आत आले ते एका व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठीच्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. पासवर्डशिवाय दुसरा कोणताही पडताळा त्यावर नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास निम्मं इंधन नेणारी पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. चालू खात्यावर निदान कोणाचं तरी लक्ष असतं. आपल्या नावाने भलत्या वेळी लॉगिन झालं तर माणूस विचारतो. पडीक खात्याचा मालकच जाग्यावर नसतो, त्यामुळे त्याचा गैरवापर बोंब न होता चालू राहतो.

चार वेगळ्या मुदती

उपकरणावर चार प्रकारच्या मुदती असू शकतात आणि चारही एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. पहिली सेशनची: सिस्कोच्या आयओएसवर (त्यांच्या स्विच-राऊटरवर चालणाऱ्या प्रणालीवर) ती मुळात दहा मिनिटांची असते. दुसरी पासवर्डची: इतक्या दिवसांनी पासवर्ड बदला. तिसरी खात्याची ठरलेली तारीख: अमुक दिवसानंतर हे खातं चालणार नाही, मग ते रोज वापरात असो वा नसो. चौथी, आपल्या विषयाची: शेवटच्या लॉगिनपासून इतके दिवस कोणी आलंच नाही, तर खातं बंद.

पहिल्या तिन्ही लावल्या आणि चौथी राहिली, असं चित्र सर्रास दिसतं. पासवर्डची मुदत संपली की जुन्या माणसाला आपोआप आडकाठी होईल, असं वाटतं. पण बऱ्याच उपकरणांवर मुदत संपलेला पासवर्ड टाकला की ते नवा पासवर्ड मागतं आणि आत घेतं. म्हणजे सोडून गेलेल्या माणसाने लॉगिन केलं, तर उपकरण त्यालाच नवा पासवर्ड ठरवायला सांगेल.

चौथी मुदत थेट देणारी उपकरणं आहेत. एचथ्रीसी आणि एचपीई या कंपन्यांच्या कॉमवेअर प्रणालीत 'पासवर्ड-कंट्रोल लॉगिन आयडल-टाइम' नावाची सेटिंग असते. तिथे ० ते ३६५ दिवसांमधला आकडा देता येतो; मूळ आकडा ९०, आणि ० दिला तर मुदतच नाही. मात्र नुसती ही ओळ लिहून भागत नाही. 'पासवर्ड-कंट्रोल' ही मुख्य सोय आधी चालू करावी लागते. ती चालू केली की तिच्यासोबत पासवर्डचं वय, किमान लांबी, जुना पासवर्ड पुन्हा न घेणं हे नियमही जागे होतात. एका ओळीच्या बदलासाठी चेंज विंडो (बदल करायची मंजूर वेळ) मागितली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पासवर्ड बदलायची सूचना आली, असं व्हायला नको असेल, तर आधी त्या बाकीच्या नियमांवर नजर टाका.

सिस्कोच्या नेक्सस स्विचवर, म्हणजे एनएक्स-ओएसवर, यूजरनेमच्या ओळीतच 'एक्स्पायर' लिहून वर्ष-महिना-दिवस अशी तारीख देता येते, उदाहरणार्थ २०२७-०३-३१. ही तिसरी मुदत झाली, चौथी नव्हे. न लिहिल्यास खातं कायमचं. तरी मला ही सोय फार मोलाची वाटते. एएमसीच्या माणसाचं खातं उघडतानाच करार संपण्याची तारीख घातली, की नंतर कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. आयओएसवर साधी यूजरनेमची ओळ लिहून केलेलं खातं स्वतःहून कधीच जुनं होत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये आहे तोवर ते आहे.

लिनक्सवर चालणारी उपकरणं सगळ्यात जास्त फसवतात. क्युम्युलस किंवा सोनिकसारख्या प्रणालींवर खाती लिनक्सच्याच पद्धतीने चालतात, आणि लिनक्समध्ये 'इनॲक्टिव्ह' नावाची सेटिंग आहे. नाव वाचून वाटतं, हीच ती. पण तिचे दिवस मोजले जातात ते पासवर्डची मुदत संपल्यापासून. शेवटच्या लॉगिनशी तिचा संबंध नाही. आणि पासवर्डची कमाल मुदत बहुतेक ठिकाणी मूळ आकड्यावरच राहिलेली असते: ९९९९९ दिवस. म्हणजे सुमारे २७४ वर्षं. तेवढ्या काळानंतर 'इनॲक्टिव्ह'मध्ये लिहिलेले, समजा ३५, दिवस सुरू होणार! कागदावर सेटिंग आहे, ऑडिटरला दाखवताही येते, आणि प्रत्यक्षात ती कधीच लागू होत नाही. शेवटच्या लॉगिनपासून मोजायचं असेल तर पॅमचं, म्हणजे लिनक्समधल्या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेचं, 'लास्टलॉग' मॉड्यूल लागतं, किंवा तुमच्या प्रणालीत त्याच्या जागी जे आलं असेल ते.

लिनक्समधली आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे बंद केलेलं खातं उघडं राहतं. पासवर्ड लॉक केला म्हणजे खातं बंद झालं असं नसतं. त्या माणसाची एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) उपकरणावर असेल तर तो पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. खातंच बंद करायचं तर खात्याची समाप्तीची तारीख मागे न्यावी लागते, आणि की सुद्धा काढावी लागते.

'वापर' कशाला म्हणायचं

मुंबईत बँकेचं उदाहरण पटकन कळतं. बचत खात्यात ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय धरलं जातं. या काळात बँक व्याज जमा करते, शुल्क कापते, पासबुकात ओळी पडतात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते व्यवहार धरत नाहीत. व्यवहार ग्राहकाने केलेला असला पाहिजे. ही अक्कल नेटवर्कच्या उपकरणात नसते. त्याला लॉगिन म्हणजे लॉगिन. रोज पहाटे दोन वाजता बॅकअपची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) एखाद्या इंजिनिअरच्या नावाने आत येत असेल, तर तो इंजिनिअर नोकरी सोडून, घणसोलीहून पुण्याला जाऊन दुसरीकडे रुजू झाला तरी त्याचं खातं उपकरणाच्या दृष्टीने रोज वापरात आहे.

सगळ्यांनी मिळून वापरायच्या 'ॲडमिन' खात्याचंही तेच. पाच जणांना पासवर्ड माहीत, दोघं सोडून गेले, उरलेले तिघं वापरतात. खातं कधीच पडीक होत नाही. तेव्हा पडीक खात्यांची मुदत लावण्याआधी प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं खातं आणि प्रत्येक स्क्रिप्टला स्क्रिप्टचं वेगळं खातं, एवढं करावंच लागतं. ते नसेल तर ही सगळी मुदत फक्त निरुपद्रवी नावं पकडेल आणि धोक्याची सोडून देईल. स्क्रिप्टच्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या आणि ते कोणत्या आयपीवरून येऊ शकतं तेही बांधून टाका.

लोकल या शब्दाचा दुसरा अर्थ इथे जाणवतो. मोजणी प्रत्येक डब्याची स्वतंत्र असते. दादरच्या कोअर स्विचवर रोज काम करणारी बाई पनवेलच्या शाखेतल्या स्विचवर वर्षातून एकदा जात असेल, तर पनवेलला तिचं खातं पडीक आहे आणि ते बंद होईल. हे चूक नाही. उलट तिथे तिचं खातं असायलाच हवं का, हा प्रश्न त्यातून समोर येतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं असतं. रोजच्या कामाची ओळख एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवावी, टॅकॅक्स प्लस किंवा रेडियसवर (उपकरणांच्या वतीने लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या या दोन पद्धती). तिथे खातं एकदा बंद केलं की चाळीस ठिकाणी बंद. उपकरणावर लोकल खाती दोनच असावीत, ती आणीबाणीची.

आणि इथेच सगळ्यात अवघड पेच आहे.

आणीबाणीचं खातं

टॅकॅक्स सर्व्हर चालू असतो तोवर उपकरण त्यालाच विचारतं. लोकल खात्याकडे ते वळतं ते सर्व्हरशी संपर्क तुटला तरच. सर्व्हरने 'हा पासवर्ड चूक आहे' असं सांगितलं तर नीट मांडलेल्या व्यवस्थेत ते लोकल खात्याकडे जात नाही. म्हणजे आणीबाणीचं लोकल खातं महिनोन्महिने न वापरलं जाणं हेच चांगल्या नेटवर्कचं लक्षण आहे. त्यावर ९० दिवसांची मुदत लावली, तर मुदत नेमकं तेच खातं मारेल, आणि कोणाला पत्ता लागणार नाही, कारण त्याची गरजच पडलेली नसते. गरज पडेल त्या दिवशी सगळंच बिघडलेलं असेल.

१२ ऑक्टोबर २०२० आठवून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा दिवशी मुख्य ऑफिसचा सर्व्हर पोहोचेबाहेर असतो, यूपीएसची बॅटरी उतरत असते, आणि शाखेत रॅकसमोर बसलेल्या माणसाच्या हातात एक कन्सोल केबल (उपकरणाला थेट जोडायची तार) आणि एक लोकल पासवर्ड असतो. त्याला उपकरणाने 'खात्याची मुदत संपली' असं सांगितलं, तर पुढचा रस्ता पासवर्ड रिकव्हरीचा, म्हणजे उपकरण बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. ज्या स्विचवर सेवा चालू आहे तिथे ते कोणालाच नको असतं.

लिनक्सच्या 'लास्टलॉग' मॉड्यूलने हा विचार केलेला आहे: रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्याला ते कधीच बाहेर ठेवत नाही. तुमचं उपकरण असं काही करतं का, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये शोधा आणि मॅन्युअलवर न थांबता टेबलावरच्या सुट्या स्विचवर तपासून घ्या. मी स्वतः आणीबाणीच्या खात्याला पडीक मुदतीतून वगळावं या मताचा आहे. वगळणं म्हणजे मोकळं सोडणं नव्हे. त्याचा लांबलचक पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत, दोन जबाबदार माणसांच्या ताब्यात. ते खातं वापरलं गेलं की त्याच क्षणी मेसेज जायला हवा. वापरानंतर पासवर्ड बदलायचा. आणि ठरलेल्या काळाने प्रत्येक उपकरणावर त्याने एकदा लॉगिन करून पाहायचं. उपकरणात वगळण्याची सोयच नसेल, तर हा सराव मुदतीच्या आत बसवायचा: ९० दिवसांची मुदत असेल तर दर ६० दिवसांनी. शाखा लांब आहेत म्हणून हा सराव टाळला जातो. वसईला जाऊन यायला अर्धा दिवस जातो हे खरं, पण बिघाडाच्या दिवशी तिथे उघडत नसलेलं खातं घेऊन बसण्यात त्याहून जास्त वेळ जाईल.

घड्याळ बरोबर नसेल तर

दिवस मोजायचे तर तारीख बरोबर हवी, आणि नेटवर्क उपकरणांच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. सिस्कोच्या अनेक जुन्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की ते १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात आणि एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून बरोबर वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) बोलणं झालं की आजच्या तारखेवर येतात. घड्याळ असं मागे जाणाऱ्या कोणत्याही उपकरणावर आता मुदतींचा विचार करा. घड्याळ मागे असताना खातं उघडलं आणि नंतर वेळ जुळली, तर खातं जन्मतःच तीस वर्षं पडीक ठरू शकतं. उलट दिशेनेही होतं: गेल्या महिन्यात तारीख संपलेलं व्हेंडरचं खातं वीज आल्यावर, वेळ जुळेपर्यंत, पुन्हा चालू होऊ शकतं, कारण उपकरणाच्या मते ती तारीख अजून कित्येक वर्षं दूर आहे.

म्हणून मुदतीची ओळ लिहिण्याच्या आधी एनटीपी. तो तसाही बंधनकारक आहे: सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ते लॉग इथे थेट उपयोगी पडतात. ज्या उपकरणाला पडीक खातं म्हणजे काय हेच कळत नाही, तिथे ही मोजणी आपण बाहेरून करतो. आयओएसवर यशस्वी लॉगिनची नोंद मुद्दाम चालू करावी लागते. ती सिसलॉग सर्व्हरवर (सगळ्या उपकरणांचे लॉग जमा करणाऱ्या सर्व्हरवर) पाठवायची, कारण उपकरणाच्या स्वतःच्या मेमरीतला लॉग रीबूटला पुसला जातो. मग आठवड्यातून एकदा एक साधी स्क्रिप्ट दोन याद्या समोरासमोर ठेवते: कॉन्फिगरेशनमधली नावं आणि गेल्या ९० दिवसांत लॉगमध्ये दिसलेली नावं. पहिल्या यादीत आहेत आणि दुसरीत नाहीत, ती पडीक. चाळीस उपकरणांच्या पतपेढीला यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

किती दिवस?

कार्डाची माहिती हाताळणाऱ्यांना पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा नियम लागू होतो: ९० दिवसांच्या आत पडीक खाती बंद करा किंवा काढा. सीआयएस कंट्रोल्स या सायबर सुरक्षेच्या शिफारशींची आठवी आवृत्ती ४५ दिवस सांगते. एनआयएसटी ही अमेरिकेची मानक संस्था आकडा ज्या त्या संस्थेवर सोडते. माझं मत असं की इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉल आणि व्हीपीएनवर ४५, आतल्या स्विचवर ९०. नोकरी सोडणाऱ्याचं खातं मात्र या कोणत्याच आकड्याची वाट पाहत नाही. ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद व्हायला हवं. पडीक मुदत ही त्यातून सुटलेल्यांसाठीची जाळी आहे.

आकडा वाढवून मागणारे रजेचं कारण देतात. बाळंतपणाची रजा २६ आठवडे असते, म्हणजे १८२ दिवस. मग मुदत २०० ठेवू या का? नको. रजेवर असलेल्या बाईचं खातं सहा महिने उघडं ठेवण्यात तिचाही फायदा नाही. तिच्या नावाने काही घडलं तर जाब तिलाच विचारला जाईल. खातं बंद होऊ द्या आणि परत उघडणं सोपं ठेवा: टीमप्रमुखाचा एक मेल, तिकीट नंबर, नवा पासवर्ड, दहा मिनिटांचं काम. परत उघडायला तीन सह्या आणि दोन दिवस लागत असतील, तर लोक मुदत टाळण्यासाठी रजेवरच्या सहकाऱ्याच्या नावाने अधूनमधून लॉगिन करत राहतील, आणि नोंदी खोट्या होतील.

लावताना पहिल्या महिन्यात काहीच बंद करू नका, फक्त यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे मालक लिहा. ज्याला मालक सापडत नाही ते आधी बंद करा आणि महिनाभर कोणी ओरडतं का पाहा. लगेच काढून टाकू नका. कधीकधी त्या नावावर एखादी विसरलेली मॉनिटरिंगची स्क्रिप्ट चालत असते. लिनक्सवर आणखी एक कारण आहे: खातं काढलं की त्याचा क्रमांक मोकळा होतो, आणि पुढे नव्या माणसाला तोच मिळाला तर जुन्याच्या नावावरच्या फाइली नव्याच्या होतात. मग एका शाखेच्या एका उपकरणावर मुदत चालू करा, कन्सोल केबल जोडलेली ठेवून, दुसरं सेशन उघडं ठेवून. ते उपकरण एकदा बंद-चालू करून पाहा. तारीख बरोबर आली का, आणीबाणीचं खातं उघडलं का, जे बंद व्हायला हवं होतं ते बंदच राहिलं का. एसएनएमपीचे (उपकरणांवर दुरून लक्ष ठेवण्याच्या पद्धतीचे) यूजर, एपीआय टोकन (प्रोग्रामना आत येण्यासाठी दिलेली किल्ली) आणि एसएसएच की यांना ही मुदत बहुधा लागत नाही. त्यांची यादी वेगळी करावी लागेल, आणि ती याच महिन्यात सुरू केलेली बरी, कारण सोडून गेलेल्या माणसांची नावं अजून कोणाला तरी आठवत असतात.